वस्तादांची बोटं

बाबूलाल वस्ताद पातेल्यावरचं झाकण उचलायला फडकं घेत नसत. खाली जाळ, झाकणावर रसरशीत निखारे, आणि वस्ताद ते झाकण नुसत्या बोटांनी उचलून बाजूला ठेवत. निखाऱ्यांत भाजायला टाकलेली खोबऱ्याची वाटीसुद्धा ते हातानंच उलटत. खानावळीत कोणी नवा माणूस आला, की जुनी गिऱ्हाइकं त्याला मुद्दाम मागच्या दारापाशी नेऊन हे दाखवत. "बघा राव, माणूस हाय का काय!" वस्ताद वर न बघता म्हणत, "आगीला भ्यायचं न्हाई. तिला वळख द्यायची."

त्या बोटांना आगीची ओळख कशी झाली, ते दोनच माणसांना ठाऊक होतं. एक वस्ताद आणि दुसरा मी. वस्ताद गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी अजून आहे आणि गप्प आहे. हे लिहून झाल्यावर मला लोक काय म्हणतील याचा विचार मी वर्षानुवर्षं केला. आता तो करण्याचं वय राहिलं नाही.

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खानावळ होती. गवतानं शाकारलेलं छप्पर, सहा बाकडी, मागं दोन मोठ्या चुली. वस्ताद मूळचे चाकणचे, मुलाणी. आबांनी त्यांना आमच्याकडे आणलं, तेव्हा आमच्याच भाऊबंदांपैकी काहींनी नाकं मुरडली होती. आबांनी त्या सगळ्यांना एकदा जेवायला बसवलं. त्यानंतर कोणी बोललं नाही. तळवड्याहून, मारुंजीहून माणसं सायकली हाणत वस्तादांच्या हातचा काळा रस्सा आणि भाकरी खायला येत. देहूरोडच्या लष्करी डेपोतले लोक यायचे, ट्रकवाले यायचे. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले, तसे बांधकामावरचे मजूरही आले. त्या मजुरांचा मुकादम मराठवाड्याचा होता. तो जिथं जेवेल तिथं त्याची चाळीस माणसं जेवायची.

वस्ताद रस्सा चाखून बघत नसत. पातेल्याशी वाकून कान लावत. "कच्चं बोलतंय अजून," म्हणत आणि एक लाकूड मागं ओढत. मुकादम बाहेरून ओरडायचा, "वस्ताद, आज कुणाचं भाषण ऐकताव? पोटात कावळे वरडायलेत!" वस्ताद म्हणत, "त्या कावळ्यांस्नी म्हनावं दम धरा. घाई झाली का रस्सा मुका व्हतो." एकदा मुकादमानं रस्सा पातळ आहे अशी तक्रार केली. वस्तादांनी त्याचं ताट उचललं, स्वतः जेवले, आणि रिकामं ताट त्याच्यापुढं ठेवून म्हणाले, "चांगला हुता की." सगळी खानावळ हसली. मुकादम तर सगळ्यांत जास्त हसला. मग वस्तादांनी त्याला नवं ताट वाढलं.

मी तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर होतो. आबांच्या हाताखाली बाहेरचं बघायचो. आबा थोरले मालक, म्हणून वस्ताद मला 'धाकले' म्हणत. ते माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी मोठे होते, पण एकेरीवर कधी आले नाहीत.

आता त्या दुपारविषयी. तेव्हा दारूबंदी होती. आबा गांधी टोपीचे, आणि दारूच्या बाबतीत कायद्याहून कडक. एका सख्ख्या पुतण्याचं तोंड त्यांनी त्यापायी मरेपर्यंत पाहिलं नाही. आणि मी, त्यांचा थोरला मुलगा, एका मित्राच्या नादानं हातभट्टीची दारू आमच्याच सरपणाच्या ढिगामागं लपवत होतो. मित्र ती ट्रकवाल्यांना विकायचा. मला त्यातलं काय मिळायचं? प्यायला मिळायची, आणि आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. आबा पुण्याला गेले होते. दुपारची जेवणं आटोपली होती, वस्ताद मागं खाटेवर आडवे झाले होते. मी चुलीपाशी बसून डब्यातली दारू बाटल्यांत ओतत होतो. चूल विझली असं मी धरून चाललो होतो.

भडका झाला तो मला आधी दिसलाच नाही, निळा होता. धोतर पेटलं तेव्हा कळलं. वस्तादांनी येऊन ते दोन्ही हातांनी ओढून फेकलं. मग त्यांनी पेटता डबा उचलला, कारण वर गवताचं छप्पर होतं. डबा पेटला असताना तो दोन हातांत धरून ते मागच्या आवारात चालत गेले. पळाले नाहीत, चालत गेले. पळाले असते तर दारू सांडली असती. डबा खाली ठेवला तेव्हा हातांची कातडी डब्याला राहिली.

माझ्या पायाला फोडसुद्धा आला नाही. मी रडत होतो. "आबांना कळलं तर मला घराबाहेर काढतील," हे माझं पहिलं वाक्य. त्यांचे हात बघून मी हे बोललो. वस्ताद दातांवर दात धरून म्हणाले, "कुनाला कळायचं कारन न्हाई. जैनबी आजारी हाय म्हना, चाकनला गेलो म्हना. ह्ये तुमच्यात नि माझ्यात." जैनबी त्यांची बायको.

दीड महिना ते चाकणला घरात बसून राहिले. आले तेव्हा तळव्यांची कातडी गुळगुळीत, फिक्कट झाली होती, एक करंगळी वाकडी राहिली होती, आणि बोटांना चटका कळेनासा झाला होता. कोणी विचारलं तर म्हणत, "चुलीपुढं जल्म गेला, हात असंच व्हनार." मग झाकणं नुसत्या हातानं उचलली जाऊ लागली आणि लोकांना त्याचं कौतुक वाटू लागलं. आबाही पाव्हण्यांना अभिमानानं दाखवत. मी तिथून उठून जात असे.

चार वर्षांनी वस्ताद आबांपुढं येऊन उभे राहिले. "मालक, आता पाय मोकळा करा. जैनबीचं म्हननं हाय, एक चूल आपली असावी." पिंपरीच्या माळावर, आज जिथं संत तुकाराम नगरची घरं आहेत त्या बाजूला, त्यांनी पत्र्याची शेड घेतली होती. आबा आजारी होते, पलंगाला खिळलेले. मग म्हणाले, "अन्नाला अडवू नये. जा." वस्ताद जागचे हलले नाहीत. त्यांच्या घरची रीत अशी होती, की नवी चूल काडीनं पेटवायची नाही. जिथं हात घडला त्या चुलीतला विस्तव न्यायचा. त्यांच्या वडिलांनी तो मामाच्या चुलीतून नेला होता. "चूल नवी, पर आग जुनी पायजे," ते म्हणाले. आबांनी मला खूण केली.

मी चिमट्यानं निखारे काढले, मडक्यात राखेत ठेवले आणि मडकं त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "धाकले, पयलं ताट तुमचं. तुमी यायाचं." मी येतो म्हणालो. गेलो नाही. त्या दिवशी आबांना बरं नव्हतं, हे कारण मी सांगत असे. आबांना त्या दिवशी नेहमीपेक्षा बरं होतं.

महिन्याभरात आमची बाकडी ओस पडली. नवा आचारी वाईट नव्हता, पण लोकांना वस्तादांचा हात हवा होता, आणि पिंपरी काही लांब नव्हती. आबा पलंगावरून विचारायचे, "आज किती पानं उठली?" मी खोटं सांगायचो. धाकट्या भावाच्या हाती खानावळ द्यावी असं आई त्यांच्या कानी घालत होती, तेही मला माहीत होतं.

एके दिवशी मुकादम कामानं चिंचवडला आला होता, तो जुन्या सवयीनं चहाला टेकला. शेजारी त्याची तीन-चार माणसं. म्हणाला, "काय म्हना भाऊ, वस्तादाच्या हातात जादू हाय. तापलेलं झाकण, पन माणूस हूं का चूं करत न्हाई." मी फडक्यानं बाकडं पुसत होतो. पुसता पुसता म्हणालो, "ज्याला चटकाच कळत नाही, त्याच्या बोटांना काय झालेलं असतं, ते डॉक्टरला विचारा मुकादम. मी काही बोलत नाही."

मुकादमाचा कप तोंडाशी थांबला. "म्हंजी?"

"मधे दीड महिना कुठं होते, ते तरी कोणाला माहीत आहे?" मी म्हणालो.

तो शब्द मी उच्चारला नाही. महारोग हा शब्द मी कधीच उच्चारला नाही, आणि कित्येक वर्षं मी ह्याच आधारावर झोपलो. शब्द मुकादमानं उच्चारला, रस्त्यावर गेल्यावर. चार दिवसांत तो तळवड्याला पोचला. करंगळी सगळ्यांना आठवली, फिक्कट तळवे आठवले. ज्यांच्या मनात मुलाण्याच्या हातचं खाण्याबद्दल पहिल्यापासून अढी होती, पण चवीपुढं बोलता येत नव्हतं, त्यांना आता साधं, आरोग्याचं कारण मिळालं. चाळीस मजूर एका दिवसात उठले. आमची बाकडी भरली. मी आबांना पानांचा आकडा खरा सांगू लागलो.

वस्ताद मग पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सुया टोचल्या, तपासलं, आणि ह्या माणसाला महारोग नाही असं लिहून सही-शिक्क्याचा कागद दिला. वस्तादांचा कागदावर फार विश्वास. त्यांनी तो काचेच्या चौकटीत घालून शेडच्या दर्शनी भिंतीवर लावला. व्हायचं तेच झालं. गावातली माणसं आधीच तुटली होती. उरले होते ते ट्रकवाले, ज्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं. ते भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारायचे, "यह कागज काहे का है, चाचा?" वस्ताद खरं सांगायचे. तुकडा ताटात परत जायचा. कागद काढा असं त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगायला जवळ जाणारं माणूसच उरलं नव्हतं.

मी एकदा सायकलवर पिंपरीला गेलो. रस्त्याच्या ह्या कडेला बाभळीखाली थांबलो. भर जेवणाची वेळ होती. शेडमध्ये एकही माणूस नव्हता. वस्ताद पातेल्याशी वाकून कान लावून बसले होते. मी रस्ता ओलांडला नाही.

आठ-दहा दिवसांनी तेच आमच्याकडे आले. मागच्या दारानं, पहिल्यासारखे. हातात तेच मडकं. मला म्हणाले, "धाकले, एक सांगनं हाय. आगीचं तेवढं चार लोकांत बोला. ह्ये हात भाजल्यात, आमच्या चुलीवर भाजल्यात, मी डोळ्यांनी बघितलं, एवढंच म्हना. कशानं, ते नगा सांगू. ते मी बी सांगत न्हाई." त्यांना माहीत होतं का, की गोष्ट माझ्या तोंडून निघाली? मी त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधत राहिलो. आजही शोधतो. तिथं फक्त विनंती होती.

हात भाजले म्हटलं, की आबा विचारणार, कधी? मग विचारणार, कशानं? मला आबांचं तोंड दिसू लागलं. पण ते सगळं कारण नव्हे. आमची बाकडी भरलेली होती, हेही कारण होतं. आणि ज्या माणसानं आपल्याला वाचवलं त्याच्यासमोर उभं राहणं मला नको झालं होतं. तो पडला तर मला हलकं वाटेल असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "बघतो."

वस्तादांनी मान हलवली. "बराय." मग ते आमच्या चुलीपुढं उकिडवे बसले. "चूल आजपास्नं बंद केली. मोडल्या चुलीची आग जिथली तिथं द्यावी लागती." मडक्यातले निखारे त्यांनी बोटांनी, एकेक करून, आमच्या चुलीत ठेवले. नवा आचारी मागं सरकला. दारातून हे दिसताच जेवणारे दोघे जण ताटं तशीच टाकून उठले. शेवटचा निखारा ठेवून वस्ताद म्हणाले, "जपा," आणि हात धोतराला पुसत गेले.

नंतर ते ज्या माळावर त्यांची शेड होती त्याच माळावर पाट्या वाहत होते असं कळलं. मुकादमाच्या टोळीत नव्हे. तिथं त्यांना कोणी घेतलं नाही. दोन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेले. मी चाकणला गेलो तोवर माती झाली होती. जैनबी दारात बसली होती. मी खाली बसलो. ती म्हणाली, "धाकले मालक, एक इचारू? तवा ते भाजके हात घेऊन आले. मी दीड महिना घास भरवला. कशानं भाजले, म्या लई इचारलं. शेवटपतूर बोलले न्हाईत. तुमाला ठावं असंल."

अंगणात कोणी नव्हतं. आबा त्याआधीच वारले होते. खानावळ माझ्या नावावर झाली होती. मला आता कोणाचीही भीती नव्हती.

"नाही, भाभी," मी म्हणालो. "मला नाही माहीत."

ती "बरं" म्हणाली आणि उठून मला पाणी आणायला गेली. मी पाणी प्यालो. ती बाई आता नाही. मुकादम कुठं गेला ते मला माहीत नाही. खानावळ मी पुढं विकली, चुलीही गेल्या. पण चाकणला वस्तादांचे नातलग आहेत, आणि त्या घरात त्यांच्या हातांविषयी अजून दबक्या आवाजात बोलतात असं मी ऐकतो. सोयरीक जमवताना ते आडवं येतं म्हणे. म्हणून हे स्वतः लिहितो. बाबूलाल मुलाणी यांना कोणताही रोग नव्हता. त्यांचे हात माझ्या दारूनं पेटलेला डबा उचलताना भाजले. मी तिथं होतो. मी डोळ्यांनी बघितलं.