आप्पा, खाली बसा

"आप्पा, खाली बसा!" असं ताई ओरडल्या की आमच्या ऑफिसात उभी असलेली सगळी माणसं पटकन बसायची. ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, कुरिअरवाला, सगळे. एकदा पोलादपूरचा एक ड्रायव्हर आधीच बाकावर बसलेला होता. तो दचकून म्हणाला, "ताई, बसलोच हाय की." ताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या कॉम्प्युटरच्या पडद्याशी बोलत होत्या.

कॉलेज संपल्यावर मी महाडच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात लागले. ताई तिथे कितीतरी वर्षांपासून होत्या. पन्नाशी उलटलेली, साडीला खांद्यावर पिन, आणि पर्स कायम मांडीवर, जणू आता उठायचंच आहे. तुमच्या ऑफिसातही असेल असं कुणीतरी. सगळ्यांत आधी येणारं, सगळ्यांत शेवटी जाणारं, आणि तरी कधी नीट टेकून न बसणारं.

त्या राहायच्या महाडजवळच्या नाते नावाच्या गावात. घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. आप्पांना अलीकडे काही आठवत नसे. दार उघडं दिसलं की ते चालायला लागत. म्हणून ताईंनी घरात भिंतीवर कॅमेरा बसवला होता. त्याचं चित्र त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिवसभर उघडं असे. खालचं माइकचं बटण दाबून त्या इथे बोलल्या की तिकडे घरात आवाज जाई, आणि तिकडचा इथे ऐकू येई.

"फोनवर बघा ना," मी एकदा धीर करून म्हटलं.

"फोनवर आप्पा मुंगीएवढे दिसतात गो. श्वास चालू हाय का तेपण कळत नाय."

कॉम्प्युटर मात्र या सगळ्याला कंटाळला होता. मालाचं सरकारी बिल ऑनलाइन काढल्याशिवाय ट्रक हलवता येत नाही, आणि बिलाच्या पानावर ते निळं चक्र फिरत राहायचं. आमचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, ते माझ्याकडे वळले. "इंग्लिश मीडियमवाली ना तू? बघ, याला काय झालाय."

इंग्लिश मीडियमचा आणि याचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. मी सहसा काहीच विचारत नाही. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर मेमरी काठोकाठ भरलेली. मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम मी थांबवले, कुणीच न वापरलेली सॉफ्टवेअर काढून टाकली, ब्राउझरमधले जुने टॅब मिटले. फरक पडला, पण थोडाच. सगळ्यात जास्त मेमरी कॅमेऱ्याचं चित्र खात होतं. नवी रॅम टाकावी म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, एवढ्या जुन्या मशीनला आता मिळत नाही.

ताईंना मी हे सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे ओटा लहान नि भांडी फार."

"हो. एक मोठं पातेलं खाली उतरवावं लागेल."

"ते सोडून बोल."

दुसऱ्या दिवशी चाचा भडकले. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी त्यांचा टेम्पो बिलासाठी सकाळपासून खोळंबला होता. "बाई, मला एक सांग, हे ऑफिस माझं हाय का तुझ्या बापाचं?"

हमाल हसले. चाचांना स्वतःलाही जरा हसू आलं, कारण पडद्यावर बाप खरंच होता. ताई हसल्या नाहीत.

"उद्यापासून ते चित्र मला दिसता कामा नये," चाचा म्हणाले.

पाणी प्यायला आम्ही दोघी मागे गेलो, तेव्हा ताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "चित्र नाय तर मी इथं बसू शकत नाय. नि इथं नाय बसले तर मग घरात. दोघं समोरासमोर, दिवस उगवल्यापासून. इथं निदान तुम्ही लोक भांडता तरी."

दुपारी पुन्हा बिल अडलं. चाचा टेबलाशी येऊन उभे राहिले. टेम्पोच्या ड्रायव्हरचा फोन सारखा वाजत होता. फोन उचलायला जाता जाता ताई मला म्हणाल्या, "ती आप्पांची खिडकी वाढव जरा. बिल निघू दे."

मला आश्चर्य वाटलं, पण वाढव म्हणजे वाढव. मी ती खिडकी पूर्ण पडदाभर मोठी केली.

बंद करणं, फोडणं असले शब्द ताई कधी उच्चारत नसत. दुकान वाढवायचं, बांगडी वाढवायची, नारळ वाढवायचा. यातला फक्त नारळ मला ठाऊक होता.

कोपऱ्यातल्या चौकोनात आप्पा नेहमी खुर्चीजवळची एक सावली असत. आता ते आमच्यासमोर जवळजवळ माणसाएवढे झाले. डोक्याला टोपी, पायांत चपला, हातात रिकामी पिशवी. ते दाराला खांदा लावून ढकलत होते. दार जरा हलायचं आणि कडी वाजायची. थांबून ते पिशवी झटकायचे, टोपी सारखी करायचे, आणि पुन्हा खांदा लावायचे.

हमाल पडद्याजवळ सरकले.

"बाहेरून कडी घालतेस?" चाचांनी हळू विचारलं.

"नाय घातली तर हायवेला जातात." ताईंनी फोन ठेवला आणि माइकचं बटण दाबलं. "आप्पा, खाली बसा."

या वेळी ऑफिसातलं कुणी बसलं नाही. आप्पाही नाही. ते आवाजाच्या दिशेने वळले. "बसून काय करू गो? दार उघड ना."

ताईंनी बटणावरचा हात काढला. पर्स मांडीवर नव्हती, ती त्यांना पटकन सापडेना. चाचांनीच उचलून दिली. "जा, बाय. रिक्षाने जा."

त्या गेल्यावर मी ती खिडकी बंद करायला हात नेला. चाचा म्हणाले, "राहू दे. ती पोचेपर्यंत बघत बस. टेम्पो काय, थांबंल."

ताई पोचल्या. दार उघडलं, खोलीत उन्हाचा पट्टा आला, आणि आप्पा हातातली पिशवी तिथेच टाकून त्यांच्या बाजूने बाहेर निघून गेले. ताई पिशवी उचलून त्यांच्यामागे धावल्या.

त्यानंतर त्या ऑफिसात आल्या नाहीत. फोनवर चाचांना एवढंच म्हणाल्या, "नाय जमायचं." त्यांच्या खुर्चीवर मी बसते. बिलं आता पटापट निघतात.

मागच्या आठवड्यात त्यांचं कॅमेऱ्याचं खातं या मशीनवरून काढून टाकायला म्हणून मी ते उघडलं. दार आतून लावलेलं होतं. आप्पा पलंगावर झोपलेले. त्यांच्या खुर्चीत ताई बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर दाराकडे.

मी माइकचं बटण दाबलं. नेमका त्याच वेळी प्रिंटर घरघरला आणि खरखरत थांबला. तो आवाज तिकडे गेला असावा, कारण ताईंनी मान वर केली. त्या थेट माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांना दिसत नव्हते.

"कागद अडकला," त्या म्हणाल्या. "ओढू नको गो. मागचं झाकण उघड."