दारापासून सारवलेला वर्ग

"सारवून झालं ना? मग हो बाहेर. उंबऱ्याच्या आत बसायचं नाही."

गुरुजी शांतपणे म्हणाले. कोपरापर्यंत शेण माखलेली मी, चौथीतली, गुमान बाहेर जाऊन बसले. पोरी फिदीफिदी हसल्या. घाटी गं, घाटी.

दर शनिवारी सकाळी असंच. दुष्काळात आम्ही मराठवाड्यातून घाट उतरून कोकणात, कडावजवळच्या वीटभट्टीवर आलो होतो. बौद्ध, त्यात परमुलखातले. दोन्हीकडून उपरे. गुरुजींचं म्हणणं, भट्टीची पोरं पावसाळ्यात भट्टी बंद झाली की निघून जातात, आतली जागा कशाला अडवायची? वर्ग सारवायला मात्र मीच. माझ्या हातचं शेण चालायचं, मी चालत नव्हते. चीड यायची. बोलायची छाती नव्हती.

बाहेरून अर्धाच फळा दिसायचा. गणितंही अर्धीच उतरायची. चाचणी परीक्षेत नापास झाले. मायनं सांगून टाकलं, वार्षिकाला नापास झालीस तर शाळा बंद, भट्टीवर माती तुडवायची. शाळेत उंबरा, घरी भट्टी. जीव नुसता कोंडून गेला होता.

सारवताना भिंतीपासून सुरू करून मागं मागं सरकत दाराकडं यायचं असतं. सारवणारी आपोआप बाहेर पडते. एका शनिवारी शेणाची बादली घेऊन वाकले आणि डोक्यात सणकच गेली. दर खेपेला मीच मला बाहेर काढत होते की!

त्या दिवशी दारापासून सुरुवात केली. सारवत सारवत आत गेले. फळ्यापुढं बसण्यापुरती कोरडी जागा ठेवली आणि तिथं मांडी घातली.

गुरुजी दारात आले. मागं सगळी पोरं. त्यांनी धोतर सावरून पाय उचलला आणि ओलं सारवण बघून मागं घेतला.

"ऊठ. बाहेर ये."

मी मांडी मोडली नाही.

"वलं हाय, गुर्जी. पाय उमटतील."

"मग वाळल्यावर ऊठ, भवाने."

"वाळल्यावर पोरं आत येतील. मी बी हितंच बसंन."

वाळलं तशी छडी आली. तळहातावर, पाठीवर. पोरं आपापल्या जागी बसली, मी माझ्या. पहिल्यांदा सगळा फळा दिसत होता. गणित पाटीवर उतरवायला घेतलं. हात सुजलेला, आकडे वाकडे येत होते. येऊ देत.

मनात ठरवलं, सोमवारी पण इथंच बसायचं. आणि पुढच्या शनिवारी सारवायला दुसरं कुणी बघा.