पाच वाजताची सावली

आमच्या भांडुपच्या सोसायटीतल्या रेन ट्रीबद्दल मी आजवर जे सांगत आलोय, त्यातलं निम्मं जरी खरं असतं, तरी मुलुंडपर्यंत कुणाला छत्री लागली नसती. त्यात शिरलेला कावळा पत्ता विचारत बाहेर पडतो, एवढं मात्र मी शपथेवर सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात विभागातल्या झाडप्रेमी मंडळींनी उद्दिष्ट ठरवलं: प्रत्येक सोसायटीच्या निदान एक तृतीयांश जागेवर पानांचं छत हवं. जिथे कमी पडेल तिथे पुरुषभर उंचीची रोपं तेच आणून लावणार. मोजायचं मात्र ज्याचं त्याने. टेप माझ्याकडे आली, कारण सभेत सगळ्यात मोठा आवाज माझा.

"फांद्यांच्या टोकांच्या बरोबर खाली मोजा," असं त्यांनी बजावलं होतं. मी गेलो संध्याकाळी पाचला, चहाबिहा पिऊन. झाडाची सावली गेटबाहेर पडून, रस्ता ओलांडून, समोरच्या मेडिकलच्या पायरीवर टेकली होती. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिथेच उभे.

"काय हो, झाड आहे की लग्नाचा मांडव?"

एवढं ऐकल्यावर फांद्यांकडे कोण बघतो! मी सावलीच मोजली. पायरीसकट.

उद्दिष्ट पार झालं. सभेत टाळ्या पडल्या, मी त्या वाकून घेतल्या. रोपं अर्थातच दुसरीकडे गेली.

टाळ्यांत तळमजल्यावरच्या काकू नव्हत्या. मालवणकडच्या. त्यांची मागची खोली पश्चिमेची. दुपारनंतर भिंतीवर पापड भाजून घ्यावा. त्याच भिंतीला काकांची खाट. पक्षाघातानंतर काका उठत नाहीत, आणि खाट हलवायला दुसरी जागाच नाही. काकूंनी खिडकीबाहेरची माती उकरून, शेणखत घालून आळंसुद्धा करून ठेवलं होतं.

"काय रे, आमचा झाड कधी येतला?" त्यांनी जिन्यात विचारलं.

मी "बघतो ना काकू" म्हणालो आणि लिफ्टची वाट न बघता वर पळालो.

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता टेप घेऊन खाली गेलो. सावली गेटपर्यंतही पोचत नव्हती. मंडळींना फोन केला.

"आमची मोजणी जरा जास्त झालीय. कमी करायची आहे."

पलीकडच्या बाई हसल्या. "कमी करा म्हणणारे तुम्ही पहिलेच! पण रोपं संपली हो. पुढच्या वर्षी बघू."

मग काकूंकडे गेलो. सगळं सांगितलं.

"म्हणजे खोटा बोललंस?"

"खोटं नाही काकू. जरा लांबलं."

"मग दुपारचो ये आणि खिडकीत उभो रव. तुझी सावली लांब पडता मा?"

काका खाटेवरून अर्ध्या तोंडाने हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ऊन त्या भिंतीवर आलं, की मी खाली जाऊन खिडकीला ओली चादर बांधतो. ती बघता बघता वाळते. या बाबतीत मला काही वाढवून सांगावं लागत नाही. मग पुन्हा भिजवायची. काकू दार उघडतात, बादली पुढे सरकवतात. चहा विचारत नाहीत.