एक नंबरच्या मशीनवरचं शेवटचं कांबळं

दाबकाका कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तिला हाताची मागची बाजू लावून बघतात. दोरीवरचा सदरा, भांडी पुसायचं फडकं, मोरीजवळची भिंत, न्हाऊन आलेल्या नातीचं डोकं. पालथा पंजा क्षणभर टेकवायचा आणि निकाल द्यायचा, "अजून आहे." म्हणजे पाणी अजून आहे.

नात म्हणते, "आजोबा, मी कागद नाहीये."

"कागद असतीस तर एवढी बडबड केली नसतीस," आजोबा म्हणतात.

ही सवय कागद कारखान्यातली. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एकाच जागी काढली, एक नंबरच्या मशीनच्या प्रेसवर. जाळीवरून कागद उतरतो तेव्हा त्यात लगदा थोडा आणि पाणी फार असतं. दुधावरची साय उचलावी तशा हलक्या हाताने ती पट्टी पुढे न्यावी लागते. पुढे वाफेने तापलेले ड्रायर असतात, तिथे तिचं उरलेलं पाणी उडतं. जाळी आणि ड्रायर यांच्या मध्ये प्रेस. एकावर एक बसलेले दोन जाडजूड रोल आणि त्यांच्या फटीतून, लोकरीच्या लांबरुंद पट्ट्यावर आडवा पडून जाणारा कागद. रोल दाबतात, लोकर पाणी पिते, कागद पुढे जातो, लोकर वळसा घेते, वाटेत स्वतः पिळली जाते आणि पुन्हा कागदाखाली हजर होते. इथे जेवढं पाणी निघेल तेवढा पुढे कोळसा कमी जळतो. म्हणून प्रेसवाल्याला दाब वाढवायचा मोह होतो. पण लोकर जुनी होऊन तुंबलेली असेल तर पाण्याला जायला वाट राहत नाही. ते कागदातच मागे रेटलं जातं, लगद्याचे तंतू सरकतात आणि कागदावर ढगासारखे डाग उठतात. कागद कुस्करला, असं म्हणत.

स्टोअरच्या पावतीवर त्या लोकरीच्या पट्ट्याचं नाव फेल्ट होतं. कारखान्यात सगळे त्याला कांबळं म्हणत, आणि ते नाव खोटं नव्हतं. मशीनवरून उतरलेलं कांबळं सुरीने आडवं कापायचं, त्याचे तुकडे करायचे आणि त्या मशीनच्या लोकांनी घरी न्यायचे, अशी पद्धत होती. पहिला तुकडा प्रेसवाल्याचा. साबणाच्या पाण्यात दोनदा खंगाळून, उन्हात वाळवून, कडा दुमडून शिवल्या की पांघरूण तयार. वसाहतीत विकतचं पांघरूण कुणाच्याच घरी नव्हतं. मुलं त्याच्याखाली जन्मली आणि त्याच्याखालीच तापाने फणफणली. म्हातारी माणसं ते खांद्यावरून घेऊन ओट्यावर बसत. पहिल्या धुण्याला त्यातून बारीक पांढरा लगदा निघे, आणि बायका म्हणत, आमची पांघरुणं कागद ओकतात.

कांबळं केव्हा उतरवायचं हे मशीनचा मुख्य प्रेसवाला ठरवी. इथेच सगळी गंमत होती. दोन नंबरच्या मशीनचा प्रेसवाला जरा शंका आली की कांबळं बदलायचा. त्याच्या लोकांच्या घरी जाड, केसाळ पांघरुणं जात, आणि त्यामुळे त्याचं नावच मऊशेठ पडलं होतं. एक नंबरवर दाबकाका होते. त्यांचं कांबळं वर्षानुवर्षं सगळ्यांत जास्त टिके. ते मशीन थांबलं की कांबळं धुवायचे, ताण एकसारखा आहे की नाही ते बघायचे, एका कडेला झीज दिसली की रोल बारीकसा तिरका करून घ्यायचे. प्रेसमागच्या भिंतीवर फोरमन खडूने प्रत्येक कांबळ्याचं आयुष्य लिहून ठेवी. त्या भिंतीवर काकांचा कुणी हात धरत नव्हतं. काका येताजाता तिच्याकडे बघत, आणि आपण बघतोय हे कुणाला दिसू देत नसत.

परिणाम काकूंच्या दोरीवर दिसे. दुसऱ्यांची पांघरुणं वाऱ्यावर जड हलत. काकूंची फडफडत. आरपार उजेड दिसे. वसाहतीत कुणाचा नवरा कुठल्या मशीनवर आहे हे दोरीवरून कळायचं. मऊशेठची बायको सभ्य होती, ती काही बोलत नसे. बोलायच्या त्या काकांच्याच मदतनिसांच्या बायका.

"काकू, तुमच्या घरच्यांना सांगा हो, आमच्या अंगावर पण थोडी लोकर राहू द्या म्हणावं."

"मलाच मिळत नाही, तुम्हाला कुठून देऊ?" काकू म्हणत. "सगळी कागदाला चिकटवून विकतात."

घरात आल्यावर त्या हसत नसत. थंडीत त्यांचे गुडघे धरत. एकावर एक दोन टकली पांघरुणं घेतली तरी मधून वारा जातो, अशी त्यांची तक्रार होती. "जगाचं पाणी काढता, आणि स्वतःचा टॉवेल ओलाच गोळा करून टाकता," ही दुसरी. या दोन तक्रारींवर त्यांचा संसार बरीच वर्षं चालला.

मग नायलॉनचे फेल्ट आले. लोकरीपेक्षा कितीतरी पट टिकाऊ, पाणी झरझर सोडणारे. दोन नंबरवर आधी चढले. मऊशेठने खराब झालेला एक तुकडा हौसेने घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी मानेवर लाल चट्टे घेऊन आला.

"अंगावर घ्यायचं नाही ते," त्याने सगळ्यांना बजावलं. "रात्रभर खाजवत बसावं लागतं. बायको म्हणाली, तूच झोप ह्याच्यात."

एक नंबरबद्दल मॅनेजरने सांगितलं की आत्ता जे लोकरीचं कांबळं चढलंय ते संपू द्या, मग नायलॉन. फोरमन काकांना म्हणाला, "काका, तुम्ही सांगाल तेव्हा."

चढलेलं कांबळं नवंकोरं होतं. लोकरीचं ते शेवटचं, आणि ते केव्हा उतरणार हे काकांच्या एका शब्दावर होतं. ही बातमी काका घरी पोचायच्या आधी काकूंपर्यंत पोचली होती.

"ह्या वेळी लवकर सांगा," ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"संपलं म्हणून सांगा. ह्याच्यानंतर नाही मिळायचं. आयुष्यात एकदा तरी केस असलेलं पांघरूण घेऊ द्या मला."

"संपलं की कांबळंच सांगेल."

"कांबळं सांगेल! मी एवढी वर्षं सांगतेय ते ऐकू येत नाही, कांबळ्याचं बरं ऐकू येतं."

"मशीनच्या आवाजात राहून कान गेलेत माझे."

"माझ्यापुरतेच गेलेत," काकू म्हणाल्या, आणि आमटी जरा जोरातच वाढली.

पुढचे काही आठवडे त्यांनी विषय काढला नाही. नुसतं घरी आलेल्या नवऱ्याकडे बघायच्या. काका मान हलवायचे. म्हणजे चालतंय अजून. एकदा काका म्हणाले, "फार छान चाललंय, एकदाही कागद तुटला नाही." म्हणून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. काकू उठल्या, कपाटातून टकलं पांघरूण काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि गुडघ्यांवर ठेवून भाजी निवडायला बसल्या.

काका सांगतात, भांडली असती तर कांबळं अजून चाललं असतं.

त्या आठवड्यात एका सकाळच्या पाळीत काका प्रेसजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. कागद सरळ चालला होता. कड स्वच्छ. कांबळ्यातून निघालेलं पाणी खालच्या ताटलीत एका लयीत पडत होतं. त्यांनी पालथा पंजा प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या कागदाला ओझरता लावला. जेवढा ओला असायला हवा तेवढाच होता. मग ते फोरमनच्या टेबलाशी गेले.

"उतरवून टाका."

"काय?" फोरमनने चष्मा वर केला.

"कांबळं. कुस्करतंय."

फोरमन उठून आला. सोबत दोन मदतनीस. सगळे वाकून कागदाकडे बघायला लागले. कागद पांढराशुभ्र जात होता, डागाचा पत्ता नव्हता.

"कुठे कुस्करतंय?"

"कडेला," काका म्हणाले. ते कडेकडे बघत नव्हते.

फोरमनने काकांना उभ्या आयुष्यात खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला ओळखायला जरा वेळ लागला. त्याचं घर काकांच्या घराला लागून होतं. काकूंची दोरी त्याच्या खिडकीतून दिसे.

"अरे हो की," तो म्हणाला. "केवढा डाग! मला आधी दिसला कसा नाही?"

"मला दिसत नाहीये," एक मदतनीस म्हणाला.

"तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो," फोरमन म्हणाला. "मशीन थांबवा."

मशीन थांबल्यावर शांतता पसरली तेव्हा दोन नंबरवरून मऊशेठ बघायला आला. सुरी चालवायचा मान काकांचा. त्यांनी कांबळं आडवं कापलं. मऊशेठने कापलेल्या टोकात दोन बोटं रुतवली, लोकर चिमटीत धरून ओढून बघितली आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, हे चुकून आमच्याकडचं चढवलं होतं का?"

सगळा विभाग हसला. काका हसले नाहीत. मदतनिसांना त्या दिवशी प्रथमच जाड तुकडे मिळाले, आणि ते कुणी मत बदलायच्या आत घेऊन पळाले. फोरमन खडू घेऊन भिंतीकडे वळला आणि थबकला.

"लिहायलाच पाहिजे असं काही नाही. शेवटचंच तर आहे."

"लिहा," काका म्हणाले.

त्याने लिहिलं. काकांच्या नावावरच्या सगळ्या कांबळ्यांत ते सर्वांत कमी टिकलेलं होतं. निवृत्त होईपर्यंत काका त्या भिंतीवरून रोज गेले. फोरमनने एकदा भिंत रंगवून घेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा ते नको म्हणाले.

ओला तुकडा इतका जड होता की सायकल हातात धरून चालवत आणावी लागली. मागे रस्ताभर पाण्याची रेघ. काकू दारातच उभ्या होत्या. बातमी इथेही आधीच पोचली होती, पण त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्यांनी कॅरिअरवरच्या गुंडाळीचं टोक ओढलं. बोटं लोकरीत गेली आणि दिसेनाशी झाली. एवढ्या वर्षांत इतकी टकली कांबळी हाताखालून गेलेली, कुठलं कामातून गेलंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या. "हे चालत होतं."

काका सायकलला स्टँड लावत होते. तो एका झटक्यात लागणारा स्टँड त्या दिवशी बराच वेळ लागला नाही.

"खोटं बोललात?"

"हो."

"कुणाशी?"

"फोरमनशी."

"आणि त्यांना खरं वाटलं?"

"नाही."

काकू म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्हाला येतच नाही." आणि टोक खांद्यावर टाकून ओढत ओढत ते धूड त्या मोरीकडे घेऊन गेल्या. काकांनी मदत करू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हात लावू नका. लगेच म्हणाल अजून आहे."

कारखाना नंतर बंद पडला. एक नंबरचं मशीन भंगारात गेलं, प्रेसचे रोल आणि ती भिंतही गेली. वसाहतीतल्या बऱ्याच घरांत आता दुकानातली पांघरुणं आहेत, फुलाफुलांची, वजनाला हलकी. मुलीने आईवडिलांसाठी तशी दोन आणून दिलीत. ती कपाटात वरच्या खणात आहेत, पिशवीतून काढलेली नाहीत.

काकू लोकरीचंच घेतात. काकांनी ते एकदाही अंगावर घेतलेलं नाही. ते अजून जुन्या टकल्यांतलं एक घेऊन झोपतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात की जाड पांघरुणात त्यांना उकडतं. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. "शिक्षा भोगतायत," त्या म्हणतात. "मी कधीच माफ केलंय, पण ह्यांचं ते मशीन माफ करत नाही."

वर्षातून एकदा, थंडी संपली की ते धुतलं जातं. ओलं झालं की एकट्याने उचलत नाही, म्हणून एक टोक काकू धरतात, एक काका. काका उजवीकडे पीळ देतात, काकू डावीकडे. मध्ये पाण्याची धार लागते.

"बास," काकू म्हणतात. "जास्त पिळू नका, लोकर जाईल."

काका थांबतात. पंजा पालथा करून लोकरीवर टेकवतात. मधोमध ती आता बरीच विरळ झाली आहे, कडेला अजून बोटं बुडतात. ते हात तसाच ठेवून उभे राहतात आणि काकू आपलं टोक धरून वाट बघतात.

"काय म्हणतंय?"

"चालेल अजून," काका म्हणतात, आणि दोघं मिळून ते दोरीवर टाकतात.