जाऊबाईंचा अर्ध्या किमतीचा रेडिओ

ये, अशी जवळ ये. पाहुण्यासारखी दारात काय टेकलीस? एरवी डहाणू रोडला उतरायचं, बाजार करायचा आणि मावशीला तोंड न दाखवता परतायचं, शोभतं का तुला? बस आता, ऐक. जगात खोटं बोलणारा माणूस अजून जन्मलाच नाही, अशी खात्री असलेली एकच बाई मी पाहिली, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ निघाली.

माहेर तलासरीकडचं, अर्धं बोलणं गुजरातीत, आणि छापलेल्या अक्षरावर देवासारखा विश्वास. वाढवणची मासेवाली दारात आली की या एवढंच विचारायच्या, "ताजी छे ना?" त्या बाईलाच ओशाळं व्हायचं. म्हणायची, "आज नको घेऊ ताई, कालची आहे." पेपरातली जाहिरात वाचून त्यांनी नवऱ्यासाठी, आमच्या भावोजींसाठी, केस उगवायचं तेल मागवलं. डोकं होतं तसंच गुळगुळीत राहिलं, तर यांनी कंपनीला पत्र घातलं, की तुमचं तेल उत्तम आहे, आमचंच डोकं वाईट, मनाला लावून घेऊ नका.

मग भावोजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. चिकूच्या वाडीच्या पैशातून ऑपरेशनचे बाजूला काढले होते, वलसाडला जायचं ठरत होतं. पेपर वाचता येईना म्हणून भावोजी दिवसभर ओटीवर गप्प बसायचे, ते काही जाऊबाईंना बघवेना. तेवढ्यात जाहिरात आली: रेडिओ अर्ध्या किमतीत, पसंत न पडल्यास पैसे परत. परतच मिळणार म्हणजे खर्च कसला, असं म्हणून त्यांनी ऑपरेशनच्या पैशातूनच पोस्टात रक्कम भरून व्ही.पी. सोडवली. पार्सल उघडलं तर आत कागदात गुंडाळलेली वीट.

मला एकटीला बोलावून दाखवली. "कोणाला बोलू नको, धाकटे. लोक हसतील." कंपनीला लिहिलं, तर आठवड्यात उत्तर. चूक झाली, दिलगीर आहोत, पाठवणावळ धाडा, पैसे परत करतो. धाडली. पुन्हा उत्तर. दुप्पट भरपाई मंजूर झाली आहे, मात्र शिक्क्याचा आणि विम्याचा खर्च ताबडतोब मनिऑर्डरने पाठवा, नाहीतर रक्कम बुडेल, आणि कुठे वाच्यता करू नका. आता मागितले होते ते जवळजवळ डोळ्यांच्या ऑपरेशनचे उरलेले सगळेच. जाऊबाई खुशीत. "बघ, चूक कबूल करतात. असे लोक मळतात कुठे?" मिळतातला त्या गुजरातीसारखं मळतात म्हणायच्या.

मी पोस्टात सोबत गेले. रांगेत माझी कुरकुर चालूच. "ताई, द्यायचे त्यांनी आणि खर्च आपण का करायचा?"

"का म्हणजे? आपले चिकू विकणारा मुंबईचा दलाल नाही खर्च लावत? हमाली लावतो, भाडं लावतो, दलाली तर लावतोच. सगळं कापून घेतो आणि उरलेले..." एवढं बोलून त्या थांबल्या. हातातला फॉर्म खाली आला. "धाकटे, दलाल कापून पाठवतो."

"हो."

"मग यांनी का नाही कापले? आपले पैसे त्यांच्याकडेच आहेत ना?"

खिडकीतून बाबू म्हणाला, "बोला ताई, भरताय ना?"

"भरत नाही. एक कार्ड द्या." तिथेच उभ्याने लिहिलं, की काय असेल तो खर्च आमच्या पैशातून कापून बाकीचे पाठवा, दुप्पट नको. उत्तर आलं नाही. महिनाभर त्यांना वाटत होतं, तिकडे कोणी आजारी असेल.

शेवटी भावोजींना सांगायला गेल्या आणि वीटच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सगळीकडून चाचपली, कानाला लावली. "आवाज कमी आहे," म्हणाले, "पण टिकेल." मग हात धरून जवळ बसवलं. म्हणाले, "मला आधी सांगायचं, वेडे. मी काय हसलो असतो?" हसले ते मात्र पोटभर.

गेलेले गेले. उरलेल्यात पुढच्या मोसमाचे घालून वलसाडला डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा भावोजी जाऊबाईंकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "किती म्हातारी झालीस गं." याची तक्रार जाऊबाईंनी आमच्या अख्ख्या मसोली गावात वर्षभर केली, आणि सांगताना दर वेळी लाजायच्या.

भावोजी जाऊन आता दोन पावसाळे झाले. जाऊबाई संध्याकाळी ओटीवर त्यांच्या जागेवर बसतात. त्यांना माणूस हवं असतं, कोणी येते म्हटलं की पटकन विश्वास बसतो बिचारीचा, मग वाट बघत राहतात. म्हणून सांगते, येते म्हणालीस तर खरंच ये. या आठवड्यातच ये, दोघी मिळून जाऊ त्यांच्याकडे.