मागच्या भिंतीची काजळी

आमच्या गावचा गुरव आणि मी, आमचं कधी पटलंच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी सांगलीच्या एका कॉलेजात विज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. दर रविवारी पितळी सूक्ष्मदर्शक वाकळेत गुंडाळून, सायकलला बांधून मी गावी यायचो. कृष्णाकाठचं आमचं काळ्या दगडाचं देऊळ पुरानं आणि पावसानं धुऊन निघालेलं. फक्त मागच्या भिंतीवर वळचणीखाली हातभर जागा अशी होती, जिथं पाणी कधी पोचलं नव्हतं. तिथं चुना, तेल, काजळी आणि धूळ एकावर एक साचली होती. त्या थरांची नखाएवढी खपली काढायची, राळेत बसवायची, काचेवर घासून पातळ करायची आणि भिंगाखाली धरायची, हा माझा उद्योग. खाली चुना, वर काजळी, पुन्हा चुना. किती पिढ्यांनी तिथं दिवे लावले, ते मला दिसायचं आणि मी खुळ्यासारखा खूश व्हायचो.

गुरवाला दिसायचं ते एवढंच, की मी देवाचं देऊळ खरवडतोय.

"मळ तपासाय शिकीवलं व्हय रं तुला कालिजात?" तो चारचौघांत विचारी.

मीही कमी नव्हतो. "आवं, तुमी देवापुढं तेल न्हाई, गाळ जाळताय. भिंगात दिसतंय," असं ठोकून द्यायचो. भिंगात तसलं काही दिसत नव्हतं. त्याला झोंबावं म्हणून बोलायचो, आणि ते झोंबायचंही.

पुण्याच्या एका प्राध्यापकांना मी माझ्या खपल्या दाखवल्या. ते म्हणाले, असल्या खपल्या कुठल्याही चुलीमागं मिळतील, भिंत दाखवा. पटलं तर त्यांच्या प्रयोगशाळेत मला जागा मिळणार होती. सांगलीची नोकरी उन्हाळ्यात संपत होती. मला दुसरं काहीही नको होतं.

ठरल्या रविवारी ते टांग्यातून आले. त्यांना घेऊन मी देवळामागं गेलो, तर भिंत लख्ख! छिन्नीचे घावसुद्धा मोजता यावेत इतकी. खाली ओली राख आणि नारळाच्या काथ्याचे तुकडे पडले होते. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं, "दगड चांगला आहे" म्हणाले आणि टांग्यात जाऊन बसले.

मी तडक गाभाऱ्यापुढं गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याला अरेतुरे केलं. चोर म्हणालो, नीच म्हणालो, आणखीही बरंच. माणसं जमली. एरवी एका शब्दाला दोन शब्द देणारा तो गप्प उभा राहिला. मला वाटलं, पाप बोलू देत नाही.

घरी आई पोळ्या करत वाट बघत होती. "सायेब जेवाय न्हाई आलं? भिंत आवडली का रं? एवढा मोटा मानूस येनार, आन् त्याला काय मळ दाखवायचा? पाटंपास्नं घासत हुते." तिच्या बोटांची सालं निघाली होती.

ती बोटं बघूनही मी ओरडलो. अडाणी म्हणालो. माझ्या जन्माचं वाटोळं केलंस म्हणालो. तिनं तव्यावरची पोळी करपू दिली.

संध्याकाळी गुरवाकडं गेलो. माफी कशी मागतात ते येत नव्हतं. "मगाशी का न्हाई सांगितलंसा?" एवढंच विचारलं, तेही रागानंच.

"म्या तिला म्हनलं, नगं घासूस, पोरगं बोंबलंल. ती ऐकंना. मग नदीचं पानी म्याच आनून दिलं." तो माझ्याकडं न बघता वात वळत होता. "नाव घेतलं असतं तर त्या शिव्या तिला बसल्या असत्या. मला बसल्या, चालतंय. तुझ्यासाटी न्हवं रं, तिच्यासाटी." मग त्यानं मान वर केली. "तिला काय बोलला न्हाईस न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाई."