मिटताना येणारा आवाज

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली, पण लोक त्यांना ओळखायचे ते चाकूंमुळे. जुने, घडीचे, खिशात मावणारे एकशे सदतीस चाकू त्यांनी जुन्या बाजारांतून हुडकून आणले होते. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची शिंपल्याची. एकाच्या मुठीत तर दात कोरायची काडीसुद्धा. चकचकीत करायची मात्र सक्त मनाई. शंभर वर्षांचा काळपटपणा घासून काढणारा माणूस काकांच्या मनातून कायमचा उतरायचा.

दर रविवारी प्रत्येक चाकूला तेलाचा थेंब द्यायचा, उघडायचा आणि कानाशी धरून मिटायचा. त्या आवाजावरून पातं मूळचं की मागाहून बसवलेलं, हे ते सांगत, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, झाली का तुमची टकटक? घरात सुतारपक्षी पाळलाय, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

दोन वर्षांपूर्वी काकांचे कान अधू झाले; बोलणं कळायचं, पण चाकूची टक ऐकू येईना. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

अशात संग्रहालयाचं बोलावणं आलं. दीडशे वर्षांचा म्हणून एक चाकू संग्रहालयाकडे आला होता. काकांनी तो अस्सल ठरवला, तर दालनाच्या मधोमध लागणार होता. काका कोट चढवून, काकूंना सोबत घेऊन गेले.

टेबलाभोवती अधिकारी बाई आणि दोन तज्ज्ञ उभे होते. काकांनी चाकू कानाशी नेऊन मिटला. काहीच नाही. पुन्हा मिटला. अंगठ्याला स्प्रिंग ठणठणीत लागत होती, पातंही देखणं होतं. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण आपल्या शब्दावर खोटा चाकू काचेत बसला, तर उरलेला जन्म आरशात कुठल्या तोंडाने बघायचं?

"मला नीट ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. ही सांगेल." आणि त्यांनी चाकू काकूंच्या कानाशी मिटला.

काकू आधी गडबडल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "टक झाल्यावर आत काहीतरी बारीकसं आपटतंय. आपल्या एकाही चाकूत असं होत नाही."

काकांनी भिंग लावलं. धारेच्या मधोमध इवलासा खड्डा होता. मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आदळत होती. पात्याचा खिळाही नवा निघाला. पातं दुसऱ्याच कुठल्या चाकूचं होतं. तज्ज्ञांनी आळीपाळीने भिंगातून पाहिलं आणि मान्य केलं. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हिला त्यांनी कधी काही शिकवलं नव्हतं. तीस वर्षं भाजी चिरता चिरता तिने नुसतं ऐकलं होतं.

अहवालावर परीक्षकाच्या सहीला एकच जागा होती. काकांनी अख्ख्या खोलीदेखत कागद काकूंपुढे सरकवला. कानांचं तुला आधीच सांगायला हवं होतं, असंही पुटपुटले.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं," सही करता करता काकू म्हणाल्या. "एकेक चाकू तुम्ही तीन-तीनदा मिटायला लागलात. वाटलं, विचाराल कधीतरी मला."